तात्यांची सहाची एसटी आणि गोळीची वेळ

आमच्या तात्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा गगनबावड्याकडच्या आमच्या गावात सगळ्यांचं एकच निदान, वय झालं. खांदा धरला त्याला तेल चोळलं, अक्षर बारीक झालं म्हणून चष्मा बदलला. डेअरीच्या रजिस्टरवरची सही मुंगीएवढी व्हायला लागली तसं डेअरीवाल्या पोरानं विचारलं पण, तात्या सही तुमचीच नव्हं? आखडलेला खांदा, बारीक होत जाणारं अक्षर, एकाच बाजूनं सुरू झालेला कंप हे सगळं मिळून पार्किन्सन्स आहे, हे सांगणारं माणूस भेटेपर्यंत दोन वर्षं गेली.

या आजाराची काही रक्ततपासणी नाही, साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, बघून आणि हात लावूनच ओळखायचं, त्यामुळं सरावलेली नजर लागते. आणि घोळ कसा होतो बघा, मधल्या काळात चक्कर येते म्हणून कुणीतरी सिनारिझिनची गोळी दिलेली, ती महिनोन्महिने चालूच. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये असतं ते लेव्होसल्पिराइड, ही औषधं डोपामिनचं, म्हणजे हालचालीसाठी मेंदूला लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, म्हणजे ज्या गोष्टीचा मेंदूत आधीच दुष्काळ तिथंच बंधारा घातल्यासारखं. नुसत्या या औषधांनीसुद्धा पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. म्हणून डॉक्टरकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, काढ्याच्या पुड्यासुद्धा, कारण खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे या आजाराच्या गोळीतलंच मुख्य औषध, असतो आणि वर परत गोळीतला लेव्होडोपा म्हणजे हिशोबच चुकला.

आता मूळ दुखणं. आपल्याकडं लाखामागं एकसुद्धा न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, येत नाही, जे आहेत ते शहरात. चंदगड, आजरा, राधानगरी कुठूनही कोल्हापूरलाच यायचं, त्यात डीबीएसचं (मेंदूत बारीक तारा बसवून वीज देण्याचं) ऑपरेशन वगैरे विषय निघाला की लोक पुण्या-मुंबईची वाट धरतात. न्यूरॉलॉजिस्टला दाखवून फरक पडतो का? अमेरिकेत 2011 साली मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, सुमारे 1 लाख 38 हजार पार्किन्सन्स पेशंटची माहिती तपासली होती, त्यातले 58 टक्केच न्यूरॉलॉजिस्टकडं गेलेले, आणि जे गेले त्यांच्यात खुब्याचं हाड मोडणं आणि मृत्यू, दोन्हीचं प्रमाण कमी. अर्थात ज्याला डॉक्टर परवडतो त्याचं बाकीचंही जरा बरं असतं, त्यामुळं सगळं श्रेय डॉक्टरला देता येणार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही आकडा नाही.

पण मला खरी गंमत कळली ती एसटीत. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, तो डोपामिन तयार करतो, पार्किन्सन्समध्ये त्या पेशी मरत जातात. डोपामिन तोंडावाटे दिलं तर मेंदूत शिरत नाही म्हणून लेव्होडोपा देतात, जोडीला कार्बिडोपा, म्हणजे वाटेतच संपून जाऊ नये. तरी रक्तातला लेव्होडोपा दीडएक तासात निम्म्यावर येतो. सुरुवातीला हे जाणवत नाही, आजार जुना झाला की गोळी चढली-उतरली हे माणसाच्या चालण्यात दिसतं. वर आणि प्रोटीनची अडचण, आतड्यातून शिरायला दोघांना दार एकच, त्यामुळं दूध, मटण, अंडी यांच्याबरोबर गोळी घेतली की ती दारातच खोळंबते.

आणि आमचे तात्या पहाटे साडेपाचला पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर गोळी घेऊन सहाची एसटी धरायचे! 55 किलोमीटर, मग ओपीडीची रांग, नंबर यायचा बाराला. कधी दवाखान्याच्या दारातच पाय जमिनीला चिकटायचे, कधी मधली गोळी नेमकी चढलेली असायची आणि डॉक्टर म्हणायचे, छान चाललंय की. रात्री कूस बदलता येत नाही, चारच्या चहाला कप धरवत नाही, हे त्या दहा मिनिटांत दिसणार कुठून?

याला उपाय फार हायफाय नाही. घरच्यांनी मोबाईलवर चालण्याचे, बोटं आपटण्याचे छोटे व्हिडिओ काढायचे, वेळेसकट, आणि दाखवायचे. अमेरिकेत 195 पेशंटवर प्रयोग झाला, काहींना नेहमीच्या उपचारासोबत व्हिडिओवर तज्ज्ञ दिले, 2017 ला निकाल आला, तब्येतीत विशेष फरक नाही पण प्रत्येक भेटीमागं साधारण 88 मिनिटं वाचली. तात्यांचा तर अख्खा दिवस वाचतो. आपल्याकडं मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवर डॉक्टरला दाखवण्याचे, नियम आले, सरकारची ई-संजीवनी ही त्यासाठीची सेवा फुकट आहे. व्हिडिओवर स्नायूंचा ताठरपणा आणि तोल मात्र नीट तपासता येत नाही, त्याला हातच लावावा लागतो, म्हणून पहिली भेट समोरासमोर आणि मधल्या काही फोनवर असं जमवलेलं बरं.

नेदरलँड्सनी 2004 पासून पार्किन्सननेट म्हणून वेगळीच शक्कल काढलीय, गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टलाच या आजाराचं ट्रेनिंग द्यायचं. आमच्याकडं तालुक्याच्या फिजिओच्या पोरीनं तात्यांच्या उंबऱ्यापुढं पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या, पाय अडकला की पट्टी ओलांडायची, नाहीतर ताल धरायचा. डोळ्याला रेघ किंवा कानाला ठेका मिळाला की अडकलेलं पाऊल बऱ्याच जणांचं सुटतं. ती मेट्रोनोमचं ॲप लावत होती, तात्या म्हणाले ते टिकटिक बंद कर, हलगी लाव.

पुढच्या भेटीला व्हिडिओ आणि डेअरीच्या जुन्या वहीत लिहिलेल्या वेळा दाखवल्या, डॉक्टरांनी डोस तेवढाच ठेवून वेळा हलवल्या. हे डॉक्टरांनीच करायचं हां, मनानं गोळी कमीजास्त करू नका, अचानक बंद तर अजिबात नको. आता गोळी साडेपाचला नुसत्या पाण्याबरोबर आणि दूध साडेसहानंतर. तात्यांची तक्रार एवढीच की तोवर दुधावरची साय नातू खाऊन मोकळा होतो.