रोबोटिक शस्त्रक्रिया : प्रशिक्षकांची तयारी

रोबोटिक शस्त्रक्रियेत मुरलेल्या सर्जनांना ती इतरांना शिकवता यावी, यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण. येथे शिकायला बसणाऱ्याला शस्त्रक्रिया येतच असते. येत नसते ते शिकवणे.

उघड्या शस्त्रक्रियेत गुरू-शिष्य टेबलाच्या दोन बाजूंना उभे असतात. शिष्याचा हात चुकू लागला की गुरू तो धरून वळवतो, बोलावे लागतेच असे नाही. रोबोटिक पद्धतीत शिष्य रुग्णापासून दूर, कन्सोलमध्ये (यंत्राचे हात जिथून चालवतात त्या बैठकीत) डोके घालून बसलेला असतो. हात धरायची सोय नाही; उरतात पडद्यावरचे चित्र आणि शब्द. ‘जरा वर घे’ म्हटले, तर वर म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, रुग्णाच्या डोक्याकडे, की पोटाच्या भिंतीकडे? त्यामुळे ‘डावी पकड दोनच्या काट्याकडे’ अशी, पडद्याला घड्याळाची तबकडी मानणारी नेमकी भाषा आधीच ठरवून घ्यावी लागते.

दुसरी अडचण खुद्द कौशल्याची. बहुतेक जुन्या यंत्रांत धाग्यावरचा ताण बोटांना जाणवत नाही. नवशिका गाठ आवळतो आणि धागा तुटतो. जाणता सर्जन ऊती पांढुरकी पडताना पाहूनच थांबतो. मात्र आपण कशावरून थांबलो हे विचारले, तर त्याला चटकन सांगता येत नाही. ब्रिटिश सर्जन पेटन यांची शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत येथे कामी येते : गुरू नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग तेच टप्पे उलगडत करतो, मग शिष्य सांगेल तसे करतो, आणि शेवटी शिष्य स्वतः करतो. यातली तिसरी पायरी गुरूलाच जास्त शिकवून जाते, कारण आपले काय सांगायचे राहिले ते तिथे उघडे पडते.

इंग्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी राबवलेल्या ‘लॅपको’ या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रशिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम होता. त्याचा गाभा साधा आहे : आज शिष्य कोणता टप्पा करणार हे सुरुवातीलाच ठरवणे, अडल्यास हात थांबवून मग बोलणे, आणि संपल्यावर लगेच उजळणी.

‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटिक यंत्राला अमेरिकेत 2000 मध्ये मान्यता मिळाली. 2009 च्या आवृत्तीत दुसरा कन्सोल जोडता येऊ लागला. दोघांना एकच दृश्य दिसते आणि अवजारांचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. सोय मोठी, पण मोहही तेवढाच. शिष्य जरा रेंगाळला की ताबा काढून घेणे फार सोपे होते. रक्तस्राव झाला तर ताबा घ्यावाच लागतो; केवळ वेळ जातो म्हणून घेतला, तर शिष्य नुसता प्रेक्षक उरतो. ही सीमारेषा आखण्याचा सराव सिम्युलेटरवर, म्हणजे रुग्णाविना आभासी शस्त्रक्रिया करू देणाऱ्या यंत्रावर, करता येतो.

शिष्याच्या कौशल्याच्या मूल्यमापनासाठी 2012 मध्ये मांडलेली ‘गिअर्स’ श्रेणी वापरतात. तीत खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कामातली सफाई, बळाचे भान, स्वावलंबन आणि यंत्रावरचा ताबा यांना प्रत्येकी 1 ते 5 गुण असतात. प्रशिक्षकांना एकच चित्रफीत दाखवून गुण द्यायला लावले, की त्यांच्या मोजपट्ट्या किती जुळतात तेही कळते.