डॉग शोची तयारी (नाशिक)

पाळलेला कुत्रा त्याच्या जातीच्या ठरलेल्या वर्णनात कितपत बसतो, हे तपासणारी स्पर्धा म्हणजे श्वानप्रदर्शन. नाशकात ‘डॉग शो’ हाच शब्द चालतो. न्यूकॅसल इथे १८५९ साली भरलेल्या इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या प्रदर्शनात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचे कुत्रे होते. भारतात जातिवंत कुत्र्यांची नोंदणी १८९६ साली स्थापन झालेला, चेन्नईत मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. या क्लबचे वंशावळीचे प्रमाणपत्र असलेल्या कुत्र्याला लोक ‘पेपरवाला’ म्हणतात. कातडीखाली मायक्रोचिप (ओळख क्रमांकाची बारीक चिप) आणि रेबीजसह सगळ्या लशींची नोंद असलेले कार्ड, ही कागदांची बाजू आधीच उरकून घ्यावी. शहरात हौसेखातर भरणाऱ्या पेट शोचे काम वेगळे. तिथे टोपी घातलेला पामेरियनही बक्षीस नेतो.

खऱ्या रिंगमध्ये, म्हणजे परीक्षण होते त्या आखलेल्या जागेत मात्र गोंडसपणाला गुण नाहीत. लॅब्रॅडॉर नराची खांद्यापाशी उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर हवी, रंग काळा, पिवळा किंवा चॉकलेटी, शेपूट बुडाशी जाड. पांढरा जर्मन शेफर्ड कितीही देखणा असो, बाद. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले लागतात, कारण पैदाशीसाठी चांगले जनावर निवडणे हाच या खटाटोपाचा मूळ हेतू.

तयारीत सगळ्यात जास्त आडवे येते ते घरचे प्रेम. दुपारी आजी दूध-पोळी कुस्करते, संध्याकाळी मुले बिस्किटे देतात, आणि सहा महिन्यांत लॅबची कंबरच दिसेनाशी होते. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, ही साधी परीक्षा. सकाळी गोदाकाठी पट्ट्याने दुडक्या चालीत फिरवल्याने वजन उतरते आणि रिंगमधली चालही बसते. ही चाल नेहमी हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणाऱ्याच्या, डाव्या हाताला. रिंगभोवती फेरी घड्याळाच्या उलट दिशेने होते आणि परीक्षक मध्ये उभा असतो. कुत्रा डावीकडे असला तरच तो परीक्षकाला आडोशाशिवाय दिसतो.

याहून अवघड काम उभे राहण्याचे. चारही पाय नेमके रोवून निश्चल थांबणे, याला ‘स्टॅक’ म्हणतात. त्याच अवस्थेत परका माणूस ओठ उचलून दात पाहतो, पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवतो. घरच्यांशिवाय कुणाचा हात न लागलेले जनावर इथे गुरगुरते किंवा मालकाच्या पायांत शिरते, आणि सहा महिन्यांची मेहनत त्या दोन मिनिटांत वाया जाते. म्हणून पिल्लू असल्यापासून शेजारी, दूधवाला, सोसायटीतला वॉचमन अशा सगळ्यांना दात दाखवायची सवय लावलेली बरी. लक्ष वेधायला उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे खिशात ठेवतात. त्या दिवशीचा शर्ट नंतर कुणी घालत नाही.

नाशिकची थंडी दाट लवेच्या जातींना मानवते. पावसाळा मात्र गोचिडांचा. गोचीडताप झालेला कुत्रा कित्येक आठवडे अंग धरत नाही. रोज कंगवा, महिन्यातून दोनदा नखे, आणि अंघोळ शोच्या एक-दोन दिवस आधी, लव पुन्हा बसायला वेळ मिळेल अशी.

आपल्या मुलखातला कारवानी शिकारी कुत्राही रिंगमध्ये उतरतो. मुळातच सडपातळ बांध्याचा असल्याने ‘याला खायला घालत नाही का?’ हा प्रश्न मालकाला ठरलेलाच.

शो बाहेरगावी, मुंबईला असला तर कसारा घाट उतरावा लागतो. निघण्याआधी कुत्र्याला भरपेट खायला देऊ नये, मैदानावर तासभर आधी पोचावे, ओळखीचे अंथरूण आणि घरचेच पाणी सोबत घ्यावे. ओकून दमलेला कुत्रा त्या दिवशी कितीही कलेजी दाखवली तरी मान वर करत नाही.