अणुकेंद्राचा स्पिन वाचायचा कसा?

हायड्रोजनचा स्पिन (केंद्राला छोट्या चुंबकासारखं वागायला लावणारा गुणधर्म) १/२, हे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचे सिग्नल मोजण्याचं तंत्र, शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पण या १/२ वरून नेमकं काय काढायचं, इथे गाडी अडते. स्पिन मोठा तर सिग्नलही मोठा, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

स्पिनवरून कळते ती पातळ्यांची संख्या. स्पिनची दुप्पट करून त्यात एक मिळवा. चुंबकीय क्षेत्रात त्या केंद्राच्या ऊर्जेच्या तेवढ्या पातळ्या होतात. हायड्रोजनच्या २, ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजन, स्पिन १) ३, सोडियम-२३ च्या (स्पिन ३/२) ४. दोन पातळ्यांमधलं अंतर किती, हे ठरवणारी राशी वेगळी आहे: जायरोमॅग्नेटिक गुणोत्तर. हायड्रोजन आणि कार्बन-१३, दोघांचाही स्पिन १/२ च. तरी १ टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनच्या सिग्नलची वारंवारता (अंतर जास्त तर हीही जास्त) ४२.५८ मेगाहर्ट्झ, तर कार्बन-१३ ची १०.७१.

स्पिन शून्य कधी? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असले की. म्हणून जवळपास ९९ टक्के कार्बन, म्हणजे कार्बन-१२, एनएमआरमध्ये मुका. फसगत होते ती नायट्रोजन-१४ पाशी. वस्तुमानांक सम पाहून विद्यार्थी शून्य लिहून मोकळे होतात. पण त्यात ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन, दोन्ही विषम! स्पिन येतो १. बोरॉन-१० मध्ये ५ आणि ५. तिथे तर स्पिन ३ आहे.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्मचा कार्बन वर्णपट काढावा. वर्णपटाच्या पट्टीवर ७७ पीपीएमजवळ (पीपीएम हे त्या पट्टीचं एकक) सारख्या उंचीच्या तीन रेषा उभ्या दिसतात. शेजारचा ड्युटेरियम तीन अवस्थांत असू शकतो आणि प्रत्येक अवस्था कार्बनची रेषा थोडी वेगळ्या जागी नेते. पाठ केलेला ‘शेजारी अधिक एक’ (शेजारी केंद्रं जितकी, त्याहून एक जास्त रेषा) हा नियम इथे दोनच रेषा सांगतो, कारण तो फक्त स्पिन १/२ साठी आहे. मूळ सूत्र असं: २ × शेजाऱ्यांची संख्या × स्पिन + १.

मग त्याच कार्बनला चिकटलेल्या तीन क्लोरिनचं काय? क्लोरिनच्या दोन्ही स्थिर समस्थानिकांचा स्पिन ३/२, म्हणजे सूत्राने दहा रेषा व्हायला हव्यात. त्या दिसत नाहीत. स्पिन १ किंवा त्याहून जास्त असला की केंद्रातला विद्युतभार पूर्ण गोलाकार पसरलेला नसतो. द्रवात रेणू गडगडत राहतात, भोवतालचं विद्युत क्षेत्र सतत बदलतं आणि क्लोरिनची केंद्रं इतक्या झपाट्याने अवस्था बदलतात की कार्बनला त्यांची फक्त सरासरी जाणवते. ड्युटेरियमच्या भाराचा हा बेढबपणा फार थोडा, म्हणून त्याच्या तीन रेषा टिकतात.