दृष्टिपटल-विलगता : शस्त्रक्रियेनंतरचा काळ

डोळ्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेले दृष्टिपटल सुटले की बोलीभाषेत ‘पडदा सरकला’ म्हणतात. शस्त्रक्रियेने तो जागेवर बसवता येतो. मात्र पडदा बसणे वेगळे आणि नजर येणे वेगळे. ऑपरेशन ‘यशस्वी’ झाल्याचे ऐकूनही रुग्ण नाराज असतो तो बहुधा यामुळे.

पहिल्या गोष्टीचा हिशेब चांगला आहे. एकाच शस्त्रक्रियेत साधारण ८५ ते ९० टक्के डोळ्यांत पडदा बसतो, पुन्हा शस्त्रक्रिया धरल्यास ९५ टक्क्यांच्या आसपास. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात पडद्याचे छिद्र शोधून डागण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी डोळ्यांवर पट्टी बांधून रुग्णाला निजवून ठेवीत, आणि गुण क्वचितच येई.

नजरेचे गणित पीतबिंदूवर ठरते. बारीक अक्षर वाचणारा हा मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर नजर बहुधा टिकते. तो सुटला असेल, तर किती दिवस सुटलेला होता यावर पुढचे अवलंबून. प्रकाशग्राही पेशींचे पोषण मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून होते. सुटलेल्या पडद्यात त्यांची उपासमार होते. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत ठळक, नंतर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ मंद गतीने चालते. चष्म्याच्या तक्त्यावरच्या ओळी वाचता आल्या, तरी दाराची चौकट वाकडी दिसणे किंवा रंग फिके वाटणे राहू शकते.

डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा पारदर्शक काचाभ द्रव काढून, पडदा दाबून धरण्यासाठी तिथे वायू भरला असेल, तर सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही. मग वरच्या बाजूने उजेड येऊ लागतो आणि खाली पाण्याच्या पातळीसारखी हलणारी रेषा दिसते. बुडबुडा खरे तर डोळ्यात वर तरंगत असतो. प्रतिमा उलटी पडत असल्याने तो खाली भासतो. रेषा रोज थोडी उतरते, शेवटी एक छोटा गोल बुडबुडा उरतो आणि तोही विरतो. सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू विरायला सुमारे दोन आठवडे लागतात, परफ्लुरोप्रोपेनला सहा ते आठ. छिद्र कुठे आहे ते पाहून पालथे किंवा कुशीवर झोपायला सांगतात. पालथे राहण्यात डोळ्यापेक्षा मानच जास्त दुखते.

वायू असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. उंचीवर हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. घाट चढणेही याच कारणाने जोखमीचे. मुंबईत शस्त्रक्रिया करून कसारा किंवा बोरघाटातून घरी परतणाऱ्याने परतीचा बेत आधीच डॉक्टरांना विचारून ठरवावा. भुलेसाठी नायट्रस ऑक्साइडही चालत नाही. म्हणून दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनआधी वायूची गोष्ट सांगावी लागते.

वायूऐवजी भरलेल्या सिलिकॉन तेलाला प्रवासाची ही बंदी नाही, पण ते आपोआप जिरत नाही. बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात. काही शस्त्रक्रियांत पडद्याला आधार म्हणून डोळ्याच्या भिंतीवर बाहेरून पट्टा बसवतात; अशा डोळ्याचा लघुदृष्टीचा नंबर वाढतो.

पडदा पुन्हा सुटण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यावर धरणारी व्रणपेशींची साय. ती आकसते आणि पडदा ओढते. ५ ते १० टक्के रुग्णांत हे घडते, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. काचाभ द्रव काढलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांना एक-दोन वर्षांत मोतीबिंदूही होतो. नंतर पुन्हा धूसर दिसू लागले तर अनेकदा कारण मोतीबिंदूच असते, पण ते तपासणीनेच ठरते. दुसऱ्या डोळ्यालाही धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असल्याने बाहुली मोठी करून त्याच्या पडद्याच्या कडा पाहतात, आणि पातळ जागा किंवा छिद्र सापडल्यास गरजेनुसार लेझरने डागतात.