शांत दिसणारे मूल आतून केव्हा शांत होते?

पालकांना एक सल्ला हमखास दिला जातो: मूल रडून-ओरडून शांत झाले की त्याला जवळ बसवून त्याची चूक समजावून सांगा. सल्ल्याचा हेतू चांगला आहे, परंतु त्यातील ‘शांत झाले की’ हे शब्द फसवे आहेत, कारण डोळे कोरडे होणे आणि रक्तातील रसायने पूर्वपदावर येणे या दोन घटनांमध्ये बराच वेळ जातो. आणि हे नुकत्याच ओरडलेल्या पालकालाही तितकेच लागू आहे.

ताणाला शरीर दोन टप्प्यांत प्रतिसाद देते. पहिला टप्पा ॲड्रेनॅलिनचा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी चेतातंतूंचा आदेश मिळताच ते रक्तात सोडतात, छाती धडधडते आणि तळहात घामेजतात. रक्तातील ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. हे वादळ ओसरले, की आपण मूल शांत झाले असे समजतो.

दुसरा टप्पा संथ आहे आणि मला तो अधिक विलक्षण वाटतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक पाठवून शेजारच्या पियुषिका ग्रंथीला जागे करतो, पियुषिका दुसरे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्य थरापर्यंत पोहोचल्यावर तेथे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक तयार होऊ लागते. त्याचा साठा केलेला नसतो. कोलेस्टेरॉलपासून ते ऐनवेळी बनवावे लागते. म्हणून ताण सुरू झाल्यावर त्याची पातळी शिखरावर जाण्यास साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात, म्हणजे पुष्कळदा भांडण मिटल्यानंतर ती सर्वांत जास्त असते, आणि तेथून ती उतरायला तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. शिवाय कॉर्टिसॉल मेदात विरघळणारे असल्याने पेशीच्या पटलातून सरळ आत शिरते, तेथील ग्राही प्रथिनाशी जोडले जाते, ही जोडी केंद्रकात जाऊन कोणती जनुके वाचली जावीत हे बदलते, आणि त्या वाचनातून घडलेली प्रथिने कॉर्टिसॉल ओसरल्यावरही काम करत राहतात. असेच ग्राही हायपोथॅलॅमस आणि पियुषिकेतही असतात, त्यामुळे ज्या साखळीने कॉर्टिसॉल निर्माण केले, तिलाच ते लगाम घालते.

ही स्वयंनियंत्रित व्यवस्था लक्षात घेतली, की कॉर्टिसॉलला विष ठरवून ते ‘धुऊन काढणारी’ चूर्णे विकणाऱ्या जाहिराती किती पोकळ आहेत हे कळते. निरोगी माणसातही ते रोज सकाळी जाग आल्यावर वाढते, आणि इंग्लिश वैद्य टॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णिलेल्या ज्या विकारात ते पुरेसे तयार होत नाही, तो उपचारांविना जीवघेणा ठरतो.

अर्थात प्रत्येक रडण्याने कॉर्टिसॉल वाढतेच असे नाही. आपल्या हातात काहीच नाही अशी असहायता आणि चारचौघांत होणारी पारख एकत्र आली, की ते सर्वाधिक वाढते. इतरांसमोर मुलाला फैलावर घेताना आपण नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र आणतो. तेव्हा मुलाला बाजूला न्यावे, थोडक्यात थांबवावे, हवे तर पाणी द्यावे, आणि ‘का केलेस’ हा प्रश्न एक-दोन तासांनंतरसाठी ठेवावा. शिक्षेचा निर्णय तर स्वतःचा आवाज चढलेला असताना घेऊच नये. मूल सुरक्षित असल्याची खात्री करून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे आणि श्वास सावकाश सोडणे उपयोगी पडते, कारण उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता हृदयाचा वेग कमी करते.

मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गुन्नर आणि सहकाऱ्यांनी मुलांना परीक्षकांसमोर भाषण करण्याचे काम दिले होते. 9-10 वर्षांच्या ज्या मुलांसोबत तयारीच्या वेळी पालक होते, त्यांच्यात कॉर्टिसॉलची अपेक्षित वाढ दिसली नाही. 15-16 वर्षांच्या मुलांत मात्र पालकांच्या सोबतीचा असा परिणाम आढळला नाही. त्यामुळे लहान मुलाशेजारी काहीही न बोलता बसून राहणे हेही पुरेसे काम असते, आणि किशोरवयीन मुलाने दार लोटून घेतले, तर तो अपमान न मानता तासाभराने दारावर हलकेच टकटक करावी.