ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवण्यास संमती देण्यापूर्वी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देऊ लागला, गिअर उशिरा पडू लागला किंवा इंजिनाचा आवाज चढूनही गाडी पुढे सरकेनाशी झाली, की ग्राहकाला बरेचदा पहिल्याच भेटीत ‘गिअरबॉक्स गेला, ओव्हरहॉल करावा लागेल’ (म्हणजे पूर्ण सुटा करून झिजलेले भाग बदलावे लागतील) असे सांगितले जाते. ते कधी कधी खरेही असते. मात्र आत काय बिघडले होते आणि आत काय बदलले, यांपैकी काहीच ग्राहकाच्या नजरेस पडत नाही. शिवाय गिअरबॉक्स एकदा उतरवून सुटा केला, की गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून सावध राहण्याची खरी वेळ गिअरबॉक्स गाडीत असतानाचीच आहे.

सुरुवात ऑइलपासून करावी. उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला व पद्धतीने पातळी पाहिली नाही, तर ते माप निरर्थक ठरते. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चांगल्या क्लच प्लेटाही (आतील गिअर पकडून ठेवणाऱ्या, अस्तर लावलेल्या चकत्या) घसरू लागतात. हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे कोठेतरी गळती आहे असेच समजावे. काळपट रंग आणि करपट वास क्लचचे अस्तर जळाल्याचे सुचवतात. ऑइल दुधाळ गुलाबी दिसत असेल, तर बहुधा रेडिएटरमधील, हे ऑइल थंड करणारा कूलर आतून फुटून कूलंट त्यात मिसळलेले असते. कूलंटमुळे प्लेटांवर चिकटवलेले अस्तर सुटत असल्याने अशा वेळी निव्वळ ऑइल बदलून भागत नाही, आणि सदोष कूलर तसाच ठेवून केलेला ओव्हरहॉलही वाया जातो.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे कंट्रोल युनिटमधील (गिअरबॉक्सवर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकातील) दोषांचे कोड वाचणारे उपकरण. स्कॅनरवर दिसणारा कोड बहुधा दोष कोणत्या सर्किटमध्ये किंवा कोणत्या क्रियेत आहे एवढेच सांगतो. कोणता भाग बदलावा हे तो सांगत नाही. उतरलेली बॅटरी, गंजलेला कनेक्टर, गतीचा सेन्सर किंवा एखादा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) यांपैकी कशानेही कंट्रोल युनिट गिअरबॉक्सला वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवते, आणि ग्राहकाला वाटते की बाकीचे गिअर गेले. अनेक गाड्यांत सोलेनॉइड ऑइल पॅन काढूनच बदलता येतो. इंजिनाचे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) अनेकदा गिअरबॉक्सची थरथर वाटते, तर इंजिन व गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या माउंटिंगमुळे गिअर टाकताना धक्का बसतो. या साऱ्याचा निकाल लागल्यावर, जेथे सोय असेल तेथे गेज लावून ऑइलचा दाब मोजावा. कोणत्या चाचण्या केल्या आणि कोणते आकडे मिळाले, हे जॉब कार्डवर लिहून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ऑइल पॅन दाखवून घाबरवण्याचा प्रकार आमच्या व्यवसायात फार जुना आहे. पॅनमधील चुंबकावरचा बारीक करडा लेप ही नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे किंवा पितळी रंगाचे चकचकीत कण निघाले, तरच काळजीचे कारण आहे.

बोलीभाषेत क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हटले जाते. परंतु एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्स असून त्याचा क्लच व गिअर यंत्र चालवते, आणि सीव्हीटीमध्ये पट्टा व पुली असतात. आपल्या गाडीत यांपैकी एक आहे, की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला गिअरबॉक्स आहे, हे आधी विचारून घ्यावे, कारण एएमटीचा क्लच बदलून टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सच्या ओव्हरहॉलचे बिल लावणे मुळीच योग्य नव्हे.

ओव्हरहॉल या शब्दाखाली आम्ही पुढील काम धरतो: गिअरबॉक्स पूर्ण सुटा करून धुणे, सर्व अस्तराच्या प्लेटा, सील, ओ-रिंग, गॅस्केट व फिल्टर नवे टाकणे, बुश (फिरत्या दांड्यांना आधार देणाऱ्या कड्या) आणि स्टील प्लेटा तपासून लागतील त्या बदलणे, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) उघडून तपासणे, टॉर्क कन्व्हर्टर बदलणे किंवा कापून आतून स्वच्छ करून घेणे आणि कूलर धुणे किंवा बदलणे. जुन्या कन्व्हर्टरमधला कचरा नुसते ऑइल फिरवून निघत नाही. तो पुढे तपासून बसवलेल्या व्हॉल्व्ह बॉडीतच जाऊन बसतो. केवळ जळालेल्या प्लेटा आणि सील किट टाकणे ही दुरुस्ती झाली. ती प्रसंगी पुरेशीही असते, पण तिचे नाव आणि दर दुरुस्तीचेच असावेत. प्लेटा का जळाल्या, हा प्रश्न अवश्य विचारावा. कडक झालेले पिस्टनचे सील किंवा व्हॉल्व्ह बॉडीतील झिजलेले भोक शोधले नाही, तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातात.

अंदाजपत्रकात उघडून तपासण्याचा खर्च, पुढील काम नाकारल्यास गिअरबॉक्स परत जोडून देण्याचा खर्च आणि एकूण खर्चाची कमाल मर्यादा स्वतंत्रपणे लिहिलेली असावी, व त्या मर्यादेपलीकडील कोणतेही काम आपल्या लेखी संमतीशिवाय होऊ नये. गिअरबॉक्सच्या केसिंगवरील (बाहेरील कवचावरील) क्रमांकाचा फोटो आधीच काढून ठेवावा. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत; बदली गिअरबॉक्स घेतल्यास जुना गिअरबॉक्स परत जातो, ते आधीच सांगितलेले असले पाहिजे. गाडीच्या किमतीपेक्षा ओव्हरहॉल महाग पडत असेल, तर वापरलेला गिअरबॉक्स बसवणे किंवा गाडी आहे तशी विकणे हेच शहाणपणाचे असते, आणि काम हातचे गेले तरी आम्ही तसेच सांगतो.

वॉरंटी किती महिने व किती किलोमीटर, तिच्यात मजुरी, टॉर्क कन्व्हर्टर आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च धरला आहे की नाही, हे बिलावर लिहून घ्यावे. भरलेल्या ऑइलचा प्रकारही त्यावर असावा, कारण चुकीच्या ऑइलने नवा क्लचही थरथरतो. गाडी ताब्यात घेतल्यावर, कंट्रोल युनिट नव्या प्लेटांशी जुळवून घेईपर्यंत, पहिले काही दिवस गिअर किंचित खडबडीत पडू शकतात. क्लच घसरणे (इंजिनाचा आवाज चढूनही गाडी न ओढणे) मात्र त्यात मोडत नाही. तसे जाणवल्यास गाडी चालवत न आणता जागेवर उभी करून आम्हाला कळवावे.