'ध्येयवेडा' : खान्देशातल्या वापराची पार्श्वभूमी

ध्येयवादी, ध्येयनिष्ठ, स्वप्नाळू, भाबडा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'ध्येयवेडा' त्यांत सहज बसत नाही. स्वप्नाळू म्हटलं की टीका झाली. ध्येयवेडा म्हणताना कौतुकही होतं आणि हा माणूस व्यवहाराच्या कामाचा नाही, हेही सुचवलं जातं.

स्वातंत्र्याआधी मात्र या शब्दाला फक्त मान होता. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून 1930 साली तुरुंगात गेलेले शिक्षक, 1936 चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन उभं करायला राबलेले कार्यकर्ते, 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारात गोळ्या झेललेली शाळकरी पोरं, या सगळ्यांना तो निःशंकपणे लावला गेला.

गुंता झाला तो 1972 पासून, शहादा-तळोद्यातल्या आदिवासींच्या लढ्यात. दुष्काळात पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुण तिथे आले, झोपड्यांत राहिले, भिल्लांची भिलोरी बोली शिकले. त्यांचं वर्णन 'ध्येयवेडे तरुण' असं झालं आणि तेच रूढ झालं. त्यांचा त्याग खराच होता, त्याबद्दल वाद नाही. पण लढा होता सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचं, उचल आधीच घेतलेली असायची आणि ती फिटेपर्यंत मालक सोडता येत नसे. गहाण पडलेली जमीन परत हवी, मजुरी रास्त हवी, गावातली दारू बंद व्हावी, इतक्या रोकड्या मागण्या होत्या. दारूचे गुत्ते बायकांनीच फोडले. भजनं म्हणत पाडे जोडणारा भिल्ल तरुण या मंडळींच्या आधीपासून तिथे काम करत होता. 1974 मध्ये तो ऐन तारुण्यात गेला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने केला तोही त्याच साली.

माझ्या मते त्या शब्दाने इथे अन्याय केला. बाहेरून आलेला ध्येयवेडा ठरला आणि ज्याची जमीन गेली होती तो नुसता 'आंदोलक' राहिला. पोटासाठी लढणाऱ्याला ध्येय नसतं, असं त्यातून गृहीत धरलं गेलं.

नव्वदच्या दशकात नर्मदाकाठी, सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या मणिबेली गावात हेच पुन्हा झालं. फरक एवढाच की धरणाच्या बाजूने बोलणारे तोच शब्द हिणवायला वापरू लागले. हल्ली तो मानपत्रांवर आणि स्पर्धा परीक्षा पास झालेल्यांच्या फलकांवर दिसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली धडगाव-अक्कलकुव्यात दाव्यांचे कागद जमवत फिरणाऱ्या स्थानिक पोरांना अजूनही 'कार्यकर्ता'च म्हणतात.